बी बाहेर का?



संस्थेच्या चिटणीसांनी मला विषय सुचवला होता तो 'वाचन आणि मनःस्वास्थ्य' असा. डॉक्टर माणूस, आरोग्यावर बोलेल, आणि साहित्यसंस्था म्हणून वाचनही त्यात येईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी विषय बदलून मागितला, आणि त्यांनी तो कुरकुर न करता बदलून दिला याबद्दल त्यांचे आभार. मला पहिली ते तिसरीच्या मुलांच्या शिकण्याबद्दल बोलायचं आहे. माझ्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही. बी.एच.एम.एस. झालो, शिरोळ तालुक्यातून १९८८ साली इकडे आलो, आणि तेव्हापासून हळर्णेत दवाखाना चालवतो. दवाखान्याच्या बाकावर जितकी मुलं मी पाहिली तितकी एखाद्या गुरुजींनीही पाहिली नसतील. त्यातली पुष्कळशी सोमवारी सकाळी येतात. "दोतोर, ह्याच्या पोटात दुखता. सोमवार आयलो की दुखता." हे वाक्य मी निरनिराळ्या आयांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की त्या पोटदुखीला पुड्या देताना मलाच थोडी लाज वाटू लागली.

पण आजचं निमित्त पोटदुखीचं नाही, काजूचं आहे.

दोन वर्षांमागे मे महिन्यात माझी नात पुण्याहून आली होती. सात वर्षांची. ती ज्या शाळेत जाते तिची वर्षाची फी सांगितली तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही. त्या शाळेत 'कन्सेप्ट-बेस्ड इन्क्वायरी' पद्धतीने शिकवतात. मराठीत काय म्हणावं? संकल्पना धरून शोध घेत शिकणं. सकाळी आमच्या मागच्या भाटात ती काजूची बोंडं गोळा करत होती. एक बोंड हातात धरून मला म्हणाली, "आजोबा, बी बाहेर का? आंब्याची तर आत असते."

मी साठी ओलांडलेला माणूस. पस्तीस वर्षं काजूच्या हंगामात इथे राहिलोय. काजूचं तेल लागून ओठ आणि बोटं सोलवटलेली मुलं दर उन्हाळ्यात तपासली आहेत. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शेजारचा मुलगा, तोही दुसरीतलाच, आपल्या गावच्या मराठी शाळेत जाणारा, मधेच म्हणाला, "बी आधी येता. बोंड मागीर येता." नात म्हणाली, "म्हणजे?" तो तिला हात धरून पलीकडच्या उशिरा मोहरलेल्या झाडापाशी घेऊन गेला. तिथे एका फांदीवर हिरवी बी पुरती वाढलेली होती आणि तिच्या डोक्यावर बोंड अजून जेमतेम देठाएवढं. दुसऱ्या फांदीवर ते फुगू लागलेलं. तिसऱ्यावर पिवळं. तिन्ही पायऱ्या एकाच झाडावर. नातीने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मग हे फळ नाहीच. देठच जाडा झालाय."

वनस्पतिशास्त्र हेच सांगतं. काजूचं खरं फळ म्हणजे ती मूत्रपिंडाच्या आकाराची बी, आणि आपण ज्याला फळ समजून रस काढतो, हुर्राक गाळतो, ते फुगलेलं देठ. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून हे झाड आणलं. आपली पेडण्याची अर्धी उन्हाळी मिळकत त्या देठावर आणि त्या बीवर चालते. आणि हा शोध दोन सात वर्षांच्या मुलांनी माझ्या डोळ्यांदेखत वीस मिनिटांत लावला. एकाकडे प्रश्न होता, दुसऱ्याकडे पाहणं होतं. शहरातल्या मुलीला विचारायची सवय लावलेली. गावातल्या मुलाने डोळ्यांनी सगळं पाहिलेलं. मी त्याला नंतर विचारलं, "बाबू, हे तुला शाळेत शिकवलं?" तो म्हणाला, "ना. शाळेत काजू नासता." शाळेत काजू नसतात. त्याच्या परिसर अभ्यासाच्या वहीत 'फळांचे उपयोग' या प्रश्नाचं सुंदर अक्षरात लिहिलेलं उत्तर होतं. त्यात सफरचंद होतं, द्राक्षं होती.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

आता ही पद्धत म्हणजे नेमकं काय, ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. आपल्या हळर्णच्या किल्ल्याचंच उदाहरण घ्या. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा होता. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला 'मार्कीश द आलोर्न' ही पदवी मिळाली. आपल्या गावाचं नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटलं ते असं. ही झाली माहिती. परीक्षेत विचारता येते, पाठ करता येते, विसरताही येते. पण 'किल्ला डोंगरावर असतो असं म्हणतात, मग आपला नदीच्या काठाला का?' हा प्रश्न विचारला तर मुलाला शापोरा नदीकडे बघावं लागतं. नदी ही वाट होती, होड्या त्या वाटेने यायच्या, ज्याच्या हातात काठ त्याच्या हातात वाट, इथपर्यंत ते मूल पोचलं तर त्याला एक संकल्पना मिळाली. मग ते शापोऱ्याचा किल्ला पाहील, तेरेखोलचा पाहील, आणि न सांगता विचारील, 'इथे कुठली वाट अडवली?' एका ठिकाणी कळलेलं दुसऱ्या ठिकाणी लावून पाहता येणं, हा या पद्धतीचा गाभा. अमेरिकेतल्या लिन एरिक्सन या बाईंनी याची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेने १९९७ मध्ये प्राथमिक वर्षांसाठी कार्यक्रम सुरू केला त्यातही हाच विचार आहे. श्रीमंत शाळांतून तो आपल्याकडे आला म्हणून तो महाग वाटतो, एवढंच.

काजूचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी दोघांना बिब्बा दाखवला. आमच्या होमिओपॅथीत ॲनाकार्डियम ओरिएंटल नावाचं औषध आहे ते बिब्ब्याचं. बिब्बा हा काजूचा भाऊबंद. त्याचीही काळी बी बाहेर आणि वर नारिंगी गर; सुकवलेला तो गर 'बिब्ब्याची फुलं' म्हणून आपल्या आज्या खायच्या. नातीने एक क्षण पाहिलं आणि म्हणाली, "हेही देठच." मग मी मुद्दाम आंबा दाखवला. म्हटलं, हाही त्याच कुळातला. यावर दोघंही गप्प झाली, आणि तो मुलगा हळूच म्हणाला, "मागीर आंब्याचो देठ कित्याक फुगना?" याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. हानेमानच्या 'ऑर्गॅनन'ची पहिली आवृत्ती १८१० सालची. त्यात रुग्णाची केस कशी घ्यावी यावर सलग परिच्छेद आहेत. आधी रुग्णाला बोलू द्या, मधे तोडू नका. आणि ८७व्या परिच्छेदात तो बजावतो की ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येईल असा प्रश्न विचारू नका. तसा विचारलात तर रुग्ण आळसापोटी किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं, अर्धवट उत्तर देईल. कॉलेजात आम्ही हा परिच्छेद घोकून पाठ केला होता, हा विनोद वेगळाच. पण दवाखान्यात मी तो पाळतो. "डोकं दुखतं का?" असं विचारलं की दहातली नऊ माणसं 'हो' म्हणतात. "काय होतंय?" असं विचारलं की खरं आजारपण बाहेर येतं.

हेच वर्गात. "मुलांनो, समजलं ना?" या प्रश्नाला चाळीस गळ्यांतून एकच 'हो' येतो. तो आळसाचा असतो किंवा गुरुजींना बरं वाटावं म्हणून असतो. हानेमानने दोनशे वर्षांमागे लिहून ठेवलंय. घरी आपण तरी काय करतो? "आज शाळेत छान झालं ना?" हो. संपलं.

एक प्रयोग तुम्ही घरी करून बघा. जिनेव्हाचा झाँ पियाजे यानं तो केला होता. दोन सारखे पेले घ्या, दोन्हींत सारखं पाणी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारा, सारखं आहे का. ते हो म्हणेल. मग त्याच्यासमोर एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओता आणि विचारा, आता कुठे जास्त? बहुतेक मुलं उंच भांडं दाखवतात. मी दवाखान्यात खूपदा केलाय; पेशंट कमी असले की माझा हाच उद्योग. उंच भांडं दाखवणाऱ्या मुलाला "अरे, नीट बघ" म्हणायचं नाही. "कशावरून?" एवढंच विचारायचं. "उंच आहे ना," असं उत्तर येतं. ते चुकीचं आहे, पण विचार करून दिलेलं आहे, आणि ते कुठे अडकलंय ते आपल्याला दिसतं. एकदा एका सहा वर्षांच्या मुलीने हसून सांगितलं, "ओतलं तितकंच ना!" तिची आजी दूध घालते, ती लिटर-अर्ध्या लिटरची मापं रोज हाताळते. पुढे वाचनात आलं की मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांवर १९६० च्या दशकात असाच अभ्यास झाला होता. मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते हे त्यांना इतर मुलांपेक्षा लवकर कळत होतं. हातांनी जे काम केलं त्याची संकल्पना आधी पक्की होते. आपल्या गावात कोणत्या मुलाचे हात रिकामे असतात? वायंगण शेतीच्या बांधावर पाणी कुठून सोडायचं हे त्याला ठाऊक असतं. मासळीच्या जाळ्यातले वाटे कसे पाडायचे ते तो बघतो. वाटा हा शब्दच भागाकार आहे. शाळा मात्र त्याला भागाकार शिकवते तो सफरचंदांचा.

यात नवं काही नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण आपल्याला परदेशी नाव ऐकलं की एकतर भारावून जायला होतं नाहीतर चिडायला होतं. आपल्या मराठी मुलखात हे काम आपल्या माणसांनी आधीच केलंय. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. मग कोसबाडची टेकडी. वारली मुलं शाळेत येत नव्हती म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडीचा उगम तिथला. आणि जी मुलं अंगणातही सापडत नव्हती, गुरं घेऊन कुरणात जात होती, त्यांच्यासाठी कुरणशाळा. मला हा शब्द फार आवडतो. गुरं चरताहेत, मुलं दगड, पानं, काड्या घेऊन मोजताहेत. ज्या मुलाला सोळा गुरं संध्याकाळी घरी परत आणायची आहेत त्याला सोळा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. फक्त त्याच्या सोळाला अंक द्यावा लागतो.

कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांचं नाव इथल्या जुन्या वाचकांना माहीत असेल. ना. सी. फडक्यांच्या त्या कन्या. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात काम केलं, प्राचार्य झाल्या, आणि निवृत्तीचं आरामाचं आयुष्य समोर असताना १९८५ साली त्यांनी सृजन आनंद विद्यालय ही छोटी मराठी प्राथमिक शाळा सुरू केली. जून २०२० मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत हाच ध्यास. मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे शाळेचं नाव कानावर होतं. पुस्तकं मात्र मी उशिरा वाचली. त्यांच्या लिखाणात मला सगळ्यात भावलं ते हे, की त्या प्रयोग फसले तेही सांगतात. मुलांना प्रश्न विचारायला लावणं सोपं नाही. मुलं सुरुवातीला बाईंना आवडतील असेच प्रश्न विचारतात. पुन्हा हानेमान!

सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट हे अलीकडचं उदाहरण. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळा, साधे शिक्षक. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावाद नावाचं अवघड प्रकरण त्या शाळांमध्ये खडे, मणी, काड्यांचे गठ्ठे आणि जमिनीवर आखलेल्या तक्त्यांच्या रूपात आणलं. महाराष्ट्रभरचे शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले, आणि २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयामागे या कामाची प्रेरणा होती. पुढे काय झालं? पुष्कळ ठिकाणी फरशा रंगल्या. फरशी रंगवायला रंग लागतो, पैसे लागतात, आठवडा लागतो. 'कशावरून?' विचारून उत्तराची वाट बघायला काहीच लागत नाही, फक्त धीर लागतो, म्हणून ते राहून गेलं. कुमठ्याच्या शिक्षकांचा त्यात दोष नाही. नकला करणाऱ्यांनी जे दिसलं ते उचललं.

आता तुमच्यातल्या काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय, तो मी ओळखतो. 'डॉक्टर, आम्ही पाढे पाठ केले, आमचं काय बिघडलं?' काही बिघडलं नाही. मी पाढ्यांच्या बाजूचा माणूस आहे. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा येत होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पेठेतल्या हिशेबाला उपयोगी. वडिलांना साडेतीन म्हणजे काय हे कळत होतं, कारण ते रोज तागडीसमोर बसत. घोकंपट्टी आणि समज यांचं भांडण लावून देणं हे मला पटत नाही. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी एक लेख लिहून मार्गदर्शनाशिवाय मुलांना नुसतं सोडून देण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली होती, आणि मला वाटतं त्यांचं बरंच बरोबर होतं. अक्षरं मुलाने शोधून काढायची नसतात. 'क' हा 'क'च आहे हे त्याला सांगावं लागतं, गिरवून घ्यावं लागतं, रोज वाचून घ्यावं लागतं. ग्रामीण भारतातल्या 'असर' अहवालांत पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही असं वर्षानुवर्षं दिसतंय. त्या मुलांना 'शोध घ्या' म्हणून सोडून दिलं तर तो अन्याय होईल. वाचता आलं पाहिजे, पाढा आला पाहिजे. पण पाढा येतो आणि 'बारा आंबे चौघांत वाटले तर' असं विचारलं की मूल "गुणायचं की भागायचं?" असं विचारतं, तेव्हा कुठेतरी काहीतरी राहिलेलं असतं.

माझ्या घरची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी शाळेलाच दोष देतोय असं वाटणार नाही. आम्ही जैन. घरात कंदमुळं नाहीत. बटाटा नाही, कांदा नाही, रताळं नाही, सुरण नाही. इथे आल्यावर करांदे आणि कणगी यांची त्यात भर पडली. मी पाच-सहा वर्षांचा असताना आजीला विचारलं होतं, "आजी, शेंगदाणा जमिनीखाली येतो, मग तो आपल्याला कसा चालतो?" आमच्या शेतात भुईमूग होता, मी शेंगा उपटताना पाहिल्या होत्या. आजी म्हणाली, "चालतो म्हणजे चालतो." तो प्रश्न तिथेच मिटला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका पंडितजींनी सांगितलं की जमिनीखाली असणं हे लक्षणच नव्हे. कंद अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव, तुकडा कापून पुरला तरी उगवतो. शेंगदाण्याचा अर्धा तुकडा पुरा, काही येणार नाही. आणि भुईमुगाचं फूल वरच फुलतं. मग आऱ्या सुटतात आणि जमिनीत शिरतात, शेंग तिथे भरते. ती शेंगच, फक्त खाली बसलेली. बटाट्याला डोळे असतात म्हणजे तो खोड आहे. आलं ओलं चालत नाही आणि सुंठ चालते, यामागेही तर्क आहे. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होतो. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात एक अख्खं वर्गीकरणशास्त्र पिढ्यान् पिढ्या चालू होतं आणि मी ते 'चालतं', 'चालत नाही' या दोन शब्दांत शिकलो.

आजीवर अन्याय नको. त्याच आजीने चातुर्मासात पालेभाजी का नाही हे विचारल्यावर मला भिंगासकट मळ्यात नेलं होतं. पानं उलटी करायला लावली. मागच्या बाजूला अंडी, बारीक किडे. "मोज," म्हणाली. मी मोजत बसलो, थकलो. तिने वर एक शब्दही बोलला नाही. मला वाटतं मी डॉक्टर झालो तो त्या पानामुळे. एकच बाई, एका प्रश्नाला गप्प करणारी आणि दुसऱ्याला भिंग देणारी. कारण एकाचं उत्तर तिला माहीत होतं आणि दाखवता येत होतं, दुसऱ्याचं नव्हतं. आपल्या गुरुजी-बाईंचंही हेच होतं. ज्याचं उत्तर माहीत नाही त्याची भीती वाटते. 'मलाही माहीत नाही, चल बघू' हे वाक्य वर्गात म्हणायची मुभा त्यांना कुणी दिलेली नाही. तपासणीला आलेला अधिकारी तर मुळीच देत नाही.

आता जे मला बोलायला जड जातं ते. माझा मुलगा १९९२ चा. त्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आपल्या गावात मराठी शाळा होती, भरलेली होती. सरकारी धोरण तेव्हा असं होतं की प्राथमिक अनुदान मराठी-कोंकणी शाळांनाच. इंग्रजी शाळांना अनुदान मिळू लागलं ते पुढे २०११ मध्ये, त्यावर झालेलं भाषा सुरक्षा मंचाचं आंदोलन तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, तुमच्यातले कित्येक त्यात होते. त्या आंदोलनात मी सही केली होती. पण माझा मुलगा? त्याला मी १९९६ सालीच तालुक्याबाहेरच्या एका इंग्रजी शाळेत घातला होता. पैसे देऊन. आणि एवढ्यावर थांबलो नाही. दवाखान्यात येणाऱ्या आयाबापांनी विचारलं, "दोतोर, तुमचो चलो खंय वता?" तर मी सांगितलं. मी नुसतं सांगितलं, सल्ला दिला नाही, असं मी अनेक वर्षं स्वतःला समजावत आलो. पण डॉक्टरचा मुलगा जिथे जातो ते सांगणं हाच सल्ला असतो. वर्षाला दोन-तीन घरं त्या मार्गाने गेली. आज आपल्या गावच्या शाळेत पटावर किती मुलं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून होतात. पट कमी झाला की शाळा बंद, दुसरीत विलीन. माझ्या मुलाचं शिक्षण चांगलं झालं, नोकरी चांगली आहे. पण लहानपणी तो प्रश्न विचारत नसे. उत्तरं देई, भराभर, इंग्रजीत. त्याच्या मुलीला तो आता प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या शाळेत घालतो आणि त्यासाठी जी रक्कम मोजतो ती आमच्या गावच्या शाळेतल्या सगळ्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना, मला वाटतं, दहा वर्षं पुरेल.

आणि ज्या मुलाकडे काजूचं उत्तर होतं, तो त्या बंद पडू घातलेल्या शाळेत आहे.

शाळा वाचवा म्हणून आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो. निवेदनात भाषा असते, संस्कृती असते. हे चुकीचं नाही. पण पालकाला संस्कृती नको असते, त्याला मुलाचं भलं हवं असतं. आणि 'इंग्रजी शाळेत काय मिळतं?' याला आपल्याकडे काही उत्तर नाही. मला वाटतं, उत्तर त्या काजूच्या झाडाखाली होतं. पाच-सहा वर्षांचं मूल ज्या भाषेत 'कशावरून?' हा शब्द म्हणतं, ज्या भाषेत आऱ्या, बोंड, वाटा, डोळे, वायंगण हे शब्द त्याच्या हाताला लागलेले आहेत, त्या भाषेतच त्याचा विचार लांबवर जाऊ शकतो. पुण्याच्या नातीला 'पेडंकल' शब्द शिकवतील. तिने त्या दिवशी 'देठ' म्हटलं म्हणून ती पुढे गेली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शाळेबाहेरचं ज्ञान शाळेतल्या ज्ञानाशी जोडा असं पहिलंच सूत्र आहे. २०२० च्या धोरणात तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा धरलाय, मातृभाषेवर भर दिलाय. कागद आपल्या बाजूने आहेत. पट मात्र नाही.

मी गेल्या वर्षापासून एक छोटं काम करतोय. दवाखान्याच्या बाकावर एक वही ठेवली आहे. मुलं थांबलेली असताना त्यात प्रश्न लिहितात, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून घेतो. दोनशेच्या वर झाले. काहींची उत्तरं माझ्याकडे आहेत, पुष्कळांची नाहीत. 'नदीला भरती का येते, ती तर समुद्र नाही' हा एक आहे. हळर्णच्या नदीकाठच्या मुलानेच विचारू शकतो असा प्रश्न. 'दशावतारातला राक्षस मेल्यावर उठून कुठे जातो' हाही आहे. विमानतळ मोप्याला झाल्यापासून विमानांचे प्रश्न वाढलेत. एका मुलीने लिहिलंय, 'डॉक्टर साबुदाण्यासारख्या गोळ्या सगळ्यांना सारख्याच देतात, मग आजार वेगळा कसा बरा होतो?' त्याचं उत्तर मी अजून तयार करतोय, आणि ते तयार करताना मलाही घाम फुटतोय.

शाळेच्या बाईंशी माझं बोलणं झालं आहे. पावसाळा संपला की शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर व्हरांडा आम्हाला मिळेल, किल्ली बाई देतील. गावातली सगळी मुलं, मराठी शाळेतली आणि पिवळ्या बसने बाहेर जाणारीही, सहा ते नऊ वयाची. पहिला प्रश्न वहीतूनच काढू. गोष्ट सांगायला येणारे, झाड ओळखणारे, होडी चालवलेले, मीठ पिकवलेले, असे लोक लागतील. इथे समोर त्यातले निदान दहा-बारा बसलेले मला दिसताहेत. शिकवायचं नाही, सोबत बसायचं.

आणि एक विनंती. मापांचा संच हवा आहे. जुन्या घरांच्या माळ्यावर पायली, अधोली, शेर पडलेले असतात, आणि एखादी तागडीही, वजनांसकट. गंजली असली तरी चालेल. गंज का चढतो हाही एक प्रश्न वहीत आहे. व्याख्यान झाल्यावर मी दाराशी उभा आहे, नाव आणि वाडा सांगून ठेवा, मी स्कूटर घेऊन येईन आणि घेऊन जाईन.